निकेलचा जोडीदार

मिथेन फोडून हायड्रोजन काढणं ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जगभरचे खतकारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प कित्येक दशकं हे काम रोज करत आले आहेत, आणि तेही निकेलसारख्या परवडणाऱ्या धातूच्या भरवशावर. मग या विषयावर मराठीत आज नव्यानं पुस्तक लिहावं, असं त्यात उरलंय काय? उरलाय तो कार्बन. मिथेनच्या एका रेणूत हायड्रोजनचे चार अणू असतात आणि कार्बनचा एक. चार मोकळे केले की पाचव्याचं काय करायचं, हा प्रश्न निकेल वापरणाऱ्या प्रत्येकाला पडला आहे. पुढच्या सगळ्या प्रकरणांचं मूळ या एका प्रश्नात आहे.

निकेलच्या जोडीला दुसरा धातू का घालतात, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर येतं की उत्प्रेरकाचा जोर वाढावा म्हणून. मिथेन फोडण्यापुरता जोर निकेलकडे हवा त्याहून जास्तच असतो. दुसरा धातू येतो तो त्याला आवर घालायला. कथील, सोनं, तांबं, लोखंड, कोबाल्ट यांपैकी कोणीही जोडीला बसवा. त्याच्याकडून अपेक्षा असते ती निकेलनं कार्बनचा पसारा मांडू नये, किंवा मांडलाच तर तो शिस्तीत मांडावा, एवढीच. ही बाब ध्यानात ठेवली की या क्षेत्रातल्या हजारो शोधनिबंधांचा गुंता बराच सुटतो.

पुणेकराला हा विषय परका वाटायचं कारण नाही. पाइपगॅसच्या शेगडीत जळतो तो मुख्यतः मिथेन. पीएमपीच्या सीएनजी बसच्या टाकीत भरतात तोही मिथेनच. ओल्या कचऱ्यावर चालणाऱ्या बायोगॅस टाकीतून निघणाऱ्या वायूतही निम्म्याहून जास्त वाटा त्याचा असतो. हायड्रोजन मात्र असा उघड्यावर भेटत नाही. तो घरात येत नाही, पंपावर मिळत नाही; पण युरियाच्या प्रत्येक गोणीमागे तो असतो. अलिबागजवळच्या थळला मुंबई हायच्या वायूवर १९८० च्या दशकात राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा जो कारखाना उभा राहिला, त्यात आधी मिथेनपासून हायड्रोजन बनतो, मग हवेतल्या नायट्रोजनशी त्याची गाठ घालून अमोनिया, आणि अमोनियापासून युरिया. भारतात वर्षाला पन्नास-साठ लाख टनांच्या घरात हायड्रोजन खपतो. त्यातला बहुतेक सगळा खतांत आणि तेलशुद्धीकरणात जातो, आणि मुख्यतः नैसर्गिक वायूपासूनच येतो.

या उत्पादनाची रूढ रीत म्हणजे स्टीम रिफॉर्मिंग. मिथेनचा एक रेणू आणि वाफेचा एक रेणू यांची निकेलवर गाठ पडली की कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन रेणू मिळतात. त्यासाठी दर मोलमागे २०६ किलोज्यूल उष्णता बाहेरून पुरवावी लागते. पुढच्या टप्प्यात कार्बन मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडली की त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचा आणखी एक रेणू पदरात पडतो. कारखान्यात हे सगळं दहा-बारा मीटर लांबीच्या, उभ्या टांगलेल्या मिश्रपोलादी नळ्यांत घडतं. नळ्यांच्या आत निकेलच्या गोळ्या ठासून भरलेल्या, बाहेर भट्टीच्या ज्वाळा. शेवटाकडे तापमान ८०० ते ९०० अंश सेल्सिअस, आणि दाब वातावरणाच्या वीस-तीस पट.

निकेलची निवड योगायोगानं झालेली नाही. फ्रान्समधल्या तुलूझ इथे पॉल साबातिए आणि त्यांचे सहकारी सांद्रँ यांनी १८९७ मध्ये बारीक निकेलच्या पुडीवरून एथिलीन आणि हायड्रोजन सोडून पाहिले, तेव्हा हा साधा धातू हायड्रोजनची देवघेव किती सहज करतो हे कळलं. या कामासाठी साबातिए यांना १९१२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच रसायनाची एक शाखा आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचली: १९३७ पासून घरोघर गेलेल्या डालडाचं तेल निकेलवरच हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं असायचं. तिथे निकेल तेलाला हायड्रोजन देत होता. मिथेनच्या बाबतीत तोच निकेल हायड्रोजन काढून घेतो. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंध तोडायला दर मोलमागे ४४० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. ऱ्होडियम आणि रुथेनियम हे निकेलपेक्षा सरस, पण त्यांचा भाव पाहता शंभर-दोनशे नळ्या भरायचा विचार कोणी करत नाही.

आता कार्बनकडे येऊ. निकेलच्या पृष्ठभागावर मिथेन आला की त्याचे हायड्रोजन एकेक करून सुटतात आणि कार्बनचा उघडा अणू मागे राहतो. शेजारी ऑक्सिजन हजर असेल तर दोघं मिळून कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातात. ऑक्सिजन वेळेवर आला नाही, तर कार्बनचे अणू आपसांत जुळायला लागतात. इथे निकेलचा एक गुण आडवा येतो: तापलेल्या निकेलमध्ये कार्बन विरघळतो. कणाच्या एका बाजूनं आत शिरलेला कार्बन धातूतून वाट काढत दुसऱ्या बाजूला पोचतो आणि तिथे ग्राफाइटच्या पदरांच्या रूपात बाहेर पडू लागतो. पदरांवर पदर चढतात आणि त्यांच्या रेट्यानं निकेलचा कण आधारापासून उखडला जाऊन वर उचलला जातो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर लांब कार्बनतंतूच्या टोकाला निकेलचा कण बसलेला दिसतो, काडेपेटीतल्या काडीच्या टोकाला गुल असावा तसा. ही वाढ चालू असताना टिपण्याचं काम ब्रिटनमध्ये बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात केलं. २००४ मध्ये डेन्मार्कच्या टॉप्सो कंपनीतल्या संशोधकांनी तर अणूंच्या पातळीवर पाहता येईल इतक्या बारकाईनं तिचं चित्रण केलं. निकेलच्या पृष्ठभागावर अणूंच्या पायऱ्या कशा तयार होतात आणि ग्राफाइटचा पदर नेमका त्या पायरीच्या कडेला कसा चिकटून वाढतो, हे त्यात दिसलं.

सूक्ष्मदर्शकाखाली ही नक्षी देखणी दिसते. कारखान्यात ती डोकेदुखी होते. तंतू वाढले की उत्प्रेरकाच्या गोळ्या आतून फुटतात, भुगा होतो, नळीतली वाट तुंबते. वायू पुरेसा फिरला नाही की नळीचा तेवढा भाग थंड राहत नाही. रिफॉर्मरच्या भट्टीला आत डोकावण्यासाठी छोट्या खिडक्या असतात. पाळीवरचा ऑपरेटर त्यातून पाहतो तेव्हा एकसारख्या रंगाच्या नळ्यांमध्ये एखाद्या नळीवर जास्त उजळ, लालभडक पट्टा दिसला, की आत काय झालंय हे त्याला लगेच समजतं. तो पट्टा वाढू दिला तर नळीच जाते. म्हणून कारखानदार आधीपासूनच सावध असतात: दर एका कार्बनमागे वाफेचा एक रेणू पुरेसा असताना ते अडीच-तीन रेणू सोडतात. कार्बन आटोक्यात राहतो, पण ती जादा वाफ बनवायला आणि तापवायला इंधन जळतं. उत्प्रेरक सुधारला तर हा वाफेचा भुर्दंड कमी होईल, हे दुसऱ्या धातूच्या शोधामागचं रोकडं कारण.

त्या शोधातलं मला सर्वांत आवडणारं काम सोन्याचं आहे. सोनं आणि निकेल एकत्र वितळवून थंड केले तर ते एकमेकांत नीट मिसळत नाहीत. पण निकेलच्या अगदी वरच्या थरात मात्र सोन्याचे अणू जाऊन बसतात. डेन्मार्कच्या ऑरहूस विद्यापीठातल्या बेसेनबाखर आणि टॉप्सोतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये हे उत्प्रेरकावर वापरून दाखवलं. सोन्याचा अणू स्वतः मिथेनला हात लावत नाही. पण शेजारच्या निकेलच्या अणूंवर कार्बनचा बसण्याचा हट्ट कमी करतो. मिथेन फुटण्याचा वेग थोडा उतरतो, कार्बन साचण्याचा वेग फार उतरतो. कथिलाचा परिणामही याच जातीचा. मिथेन फोडायला निकेलचे मोजके अणू पुरतात, पण ग्राफाइटचा पदर धरायला मोठी सलग जागा लागते. जोडीदार मधेमधे बसून ती जागा खंडित करतो. कामाचा थोडा वेग देऊन उत्प्रेरकाचं आयुष्य विकत घ्यायचा हा व्यवहार आहे.

लोखंड आणि कोबाल्ट यांचा मार्ग निराळा. ते ऑक्सिजनशी निकेलपेक्षा लवकर दोस्ती करतात. कार्बन डायऑक्साइड आला की लोखंड त्याच्याकडून ऑक्सिजन घेतं आणि ऑक्साइड होऊन मिश्रधातूतून बाहेर सरकतं. शेजारच्या निकेलवर कार्बन साचला की हाच ऑक्सिजन त्याला देऊन टाकतं आणि पुन्हा धातू होऊन आत येतं. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१५ च्या सुमारास निकेल-लोखंड जोडीवर झालेल्या कामातून ही ये-जा चांगली उलगडली. प्लॅटिनम किंवा ऱ्होडियमचा अंश घातला तर वेगळाच फायदा होतो: तो हायड्रोजन फोडून शेजारी पोचवतो, त्यामुळे निकेल ऑक्साइड होऊन झोपत नाही. म्हणजे जोडीदार अनेक, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. दोन धातूंचा उत्प्रेरक एवढं म्हणून भागत नाही; दुसरा नेमकं काय करतो ते सांगावं लागतं. या पुस्तकातली प्रकरणं धातूंच्या नावांप्रमाणे न लावता कामांप्रमाणे लावली आहेत, ती याच कारणासाठी.

पुण्यात या विषयाची मुळं पाषाण रस्त्यावर सापडतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे सगळे जिला एनसीएल म्हणतात तिचं, उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० ला झालं. १९५२ ते १९५७ या काळात तिचे संचालक होते जॉर्ज इंगल फिंच. गिर्यारोहकांना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असतं: १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत नळकांड्यांतला ऑक्सिजन घेऊन ८,३०० मीटरच्या वर चढलेले ते हेच फिंच. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात त्यांचा अभ्यास होता इलेक्ट्रॉनांच्या साहाय्यानं पृष्ठभागांची रचना वाचण्याचा. घन पदार्थाच्या वरच्या थरात काय चाललंय हा उत्प्रेरणाचा गाभ्याचा प्रश्न, आणि तो प्रश्न घेऊन आयुष्य काढलेला माणूस इथे सुरुवातीच्या काळातच येऊन गेला. पुढे १९८० च्या दशकात पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइटवर आधारलेला एन्सिलाइट हा उत्प्रेरक बनवला आणि बडोद्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यात तो प्रत्यक्ष चालवूनही दाखवला. प्रयोगशाळेतली पूड कारखान्याच्या नळीत नेता येते, हा विश्वास त्यातून आला.

निकेल आणि मिथेन यांच्यापुरतं बोलायचं, तर एनसीएलमधलं डॉ. व्ही. आर. चौधरी यांच्या गटाचं काम आधी वाचायला हवं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वाफेऐवजी थोडा ऑक्सिजन देऊन मिथेनचं अंशतः ऑक्सिडेशन करायचा मार्ग धरला. या अभिक्रियेत उष्णता द्यावी लागत नाही, उलट थोडी सुटते. वायू उत्प्रेरकावरून काही मिलिसेकंदांत पार होतो. निकेल-कॅल्शियम ऑक्साइड, निकेल-ॲल्युमिना, निकेल-यिटर्बियम ऑक्साइड अशा उत्प्रेरकांवर त्यांना भट्टीच्या तुलनेनं कमी तापमानात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं भरघोस उत्पादन दिसलं. त्या तापमानाला रासायनिक समतोल जेवढं देऊ शकतो त्याहूनही ते जास्त होतं. निबंध प्रसिद्ध होताच जगभर चर्चा झाली. अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या लन्सफर्ड यांच्या गटानं १९९३ मध्ये निकेल-यिटर्बियम ऑक्साइड घेऊन हाच मुद्दा तपासला. त्यांचं म्हणणं असं पडलं की उत्प्रेरकाच्या थरात सुरुवातीलाच एक फार तापलेला पट्टा असतो. तिथलं खरं तापमान हिशेबात धरलं, तर समतोलाची मर्यादा ओलांडली जात नाही.

या वादाला मी प्रस्तावनेत एवढी जागा देतो, कारण त्याचा निकाल एका साध्या प्रश्नावर लागला: थर्मोकपलचं टोक कुठे होतं? भट्टीच्या भिंतीजवळ, की उत्प्रेरकाच्या थरात, आणि थरात तर नेमकं किती खोल? मिथेनचा काही भाग आधी पुरता जळतो, प्रचंड उष्णता सुटते, आणि तीच उष्णता उरलेल्या मिथेनच्या रिफॉर्मिंगला पुरते. म्हणजे बाहेरून थंड वाटणारी नळी आत मिलिमीटरभर जागेत धगधगत असते. हे एकदा पटल्यावर त्या धगीला कामाला लावायचा विचार सुचतो. चौधरी यांच्या गटाचं पुढचं बरंच काम या दिशेचं आहे: मिथेन, ऑक्सिजन आणि जोडीला कार्बन डायऑक्साइड किंवा वाफ एकत्र सोडायची, आणि एका अभिक्रियेत सुटलेली उष्णता दुसरीला जागच्या जागी द्यायची.

आणि इथेच निकेलच्या जोडीदाराची पुण्यातली गोष्ट येते. १९९७ मध्ये चौधरी, राणे आणि रजपूत यांनी निकेलच्या उत्प्रेरकांत कोबाल्ट घातल्यावर काय होतं ते प्रसिद्ध केलं. मिथेनच्या ऑक्सिडेशनमध्ये कोबाल्टमुळे कार्बन साचणं बरंच घटतं, हा त्याचा गाभा. पुढच्या वर्षी कोबाल्ट, निकेल आणि मॅग्नेशियम यांच्या ऑक्साइडांचा एकत्र उत्प्रेरक घेऊन ऑक्सिडेशन आणि रिफॉर्मिंग एकाच नळीत चालवल्याचं काम आलं. मॅग्नेशियम ऑक्साइडची निवड विचारपूर्वक होती. निकेल आणि मॅग्नेशियमचे आयन आकारानं जवळजवळ सारखे, त्यांच्या ऑक्साइडांची स्फटिकरचनाही एकच; त्यामुळे दोघं एकमेकांत पूर्ण मिसळतात. या मिश्रणातून हायड्रोजनच्या वातावरणात निकेल थोडाथोडाच बाहेर येतो, कण बारीक राहतात, आणि बारीक कणांवर कार्बनतंतूला बस्तान मांडणं जड जातं.

हे सारं कागदावर सुटसुटीत दिसतं. हाताला लागतं ते असं. निकेल नायट्रेटचे स्फटिक हिरवे, कोबाल्ट नायट्रेटचे लालसर. पाण्यात विरघळवून ते आधाराच्या पुडीवर मुरवायचे, ओव्हनमध्ये वाळवायचे, मग हवेत तापवून नायट्रेटचा ऑक्साइड करायचा. हे करताना तपकिरी वायू निघतो, म्हणून ते फ्यूम हूडखालीच. मिळालेल्या पुडीतले काहीशे मिलिग्रॅम क्वार्ट्झच्या अरुंद नळीत क्वार्ट्झच्या लोकरीवर बसवायचे, थर्मोकपल थरापर्यंत न्यायचं आणि हायड्रोजन सोडून ऑक्साइडचा धातू करायचा. त्यानंतर मिथेन. बाहेर पडणारा वायू गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये जातो आणि ठरावीक वेळानं आलेखावर शिखरं उमटत राहतात. प्रयोग संपल्यावर पूड बाहेर काढली की ती काळी झालेली असते. ती किती काळी हे नुसत्या डोळ्यांनी सांगून चालत नाही. सूक्ष्म तराजूवर ठेवून हवेत तापवायची आणि कार्बन जळाल्यानं वजन किती घटतं ते पाहायचं. या क्षेत्रात हा शेवटचा आकडा पहिल्या आकड्याइतकाच, किंबहुना जास्त महत्त्वाचा.

दोन धातूंच्या बाबतीत आणखी एक तिढा असतो. तोलून घातलेलं प्रमाण आणि पृष्ठभागावर प्रत्यक्ष आलेलं प्रमाण एक नसतं. निकेल आणि तांबं एकमेकांत छान मिसळतात; क्ष-किरणांच्या आलेखात दोघांची शिखरं सरकून मधे येतात, यावरून मिश्रधातू झाल्याची खात्री पटते. पण तांब्याला पृष्ठभागावर राहायला आवडतं. आत निकेलचं राज्य असलं तरी वरच्या थरात तांब्याची दाटी होते. लोखंड तर चालू अभिक्रियेतच ऑक्साइड होऊन बाहेर पडतं आणि परत येतं. त्यामुळे थंड करून, नळीतून काढून केलेली तपासणी अर्धी गोष्ट सांगते. चालू नळीतच क्ष-किरण सोडून पाहण्याची तंत्रं अलीकडच्या काळात का एवढी महत्त्वाची झाली, त्याचं उत्तर यात आहे.

इथपर्यंत कार्बन हा शत्रू होता. मिथेनच्या थेट विघटनात तो माल होतो. वाफ नाही, ऑक्सिजन नाही. मिथेन तापवून त्याचा कार्बन आणि हायड्रोजन करायचा, बस. दर मोल मिथेनला ७५ किलोज्यूल लागतात, म्हणजे हायड्रोजनच्या दर मोलमागे साडेसदतीस. पाण्याचं विद्युत-विघटन करायला याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. शिवाय यात कार्बन डायऑक्साइड बनतच नाही. चार किलो मिथेनमधून एक किलो हायड्रोजन आणि तीन किलो घन कार्बन. या रीतीत जोडीदाराकडून अपेक्षा बदलते. कार्बनतंतू वाढायलाच हवेत, फक्त ते निकेलच्या कणाला झाकून टाकणार नाहीत अशा बेतानं. शुद्ध निकेल ५०० ते ६०० अंशांच्या आसपास बराच वेळ टिकतो. त्याच्या पुढे गेलं की कार्बन कणाभोवती गुंडाळला जातो आणि काम थांबतं. तांबं घातलं की हीच मर्यादा ७०० अंशांच्या पुढे सरकते. रशियातल्या नोव्होसिबिर्स्कच्या बोरेस्कोव्ह संस्थेत यावर पुष्कळ काम झालं. अमेरिकेत २०१७ मध्ये तर वितळलेल्या निकेल-बिस्मथमध्ये मिथेनचे बुडबुडे सोडून १०६५ अंशांना ९५ टक्के मिथेन फोडल्याचं दाखवलं गेलं. कार्बन हलका असल्यानं तो वर तरंगतो आणि काढून घेता येतो.

पुण्यात याही वाटेवर काम झालं. चौधरी यांच्या गटानं २००१ मध्ये एक जोड-व्यवस्था मांडली: दोन रिअ‍ॅक्टर शेजारी, दोन्हींत निकेलचा उत्प्रेरक. पहिल्यात मिथेन सोडायचा, हायड्रोजन घ्यायचा, कार्बन उत्प्रेरकावर साचू द्यायचा. त्याच वेळी दुसऱ्यात वाफ सोडून आधी साचलेला कार्बन काढायचा, आणि त्यातूनही हायड्रोजन मिळवायचा. थोड्या वेळानं झडपा फिरवून दोघांची कामं अदलाबदल करायची. पहिल्या नळीतून निघणाऱ्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड नसतो, हा त्याचा मोठा लाभ. फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमला हा वायू विषासारखा लागतो. वाहनांसाठीच्या हायड्रोजनमध्ये त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा दहा लाख भागांत ०.२ भाग इतकी कडक आहे. २१ ऑगस्ट २०२२ ला केपीआयटी कंपनी आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळांनी घडवलेली हायड्रोजनची बस पुण्यातच लोकांपुढे आली, तेव्हा छायाचित्रं बसची निघाली. तिच्या टाकीत जाणारा वायू इतका शुद्ध कसा करायचा, हा त्यामागचा खडतर भाग.

आता हिशेब. उत्साहाच्या भरात तो मागे पडतो, म्हणून प्रस्तावनेतच सांगून टाकतो. स्टीम रिफॉर्मिंगनं एक किलो हायड्रोजन बनवताना, भट्टीचं इंधन धरून, नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी जी मर्यादा ठरवली ती दोन किलोची आहे. त्याच वर्षी ४ जानेवारीला मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनसाठी १९,७४४ कोटी रुपये ठरले आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य. विघटनाच्या रीतीत धूर नाही हे खरं, पण मिथेनमधली जवळजवळ निम्मी ऊर्जा त्या काळ्या कार्बनमध्येच बसून राहते. तो जाळून ती वापरली तर सगळं मुसळ केरात. शिवाय ५० लाख टन हायड्रोजन असा बनवला तर दीड कोटी टन कार्बन हाती येईल. जगभरात टायर आणि रबरासाठी वर्षाला बनणारा कार्बन ब्लॅक साधारण तेवढाच असतो. एवढा माल घेणार कोण? त्यातच निकेल अडकलेला. तो सोडवायला कार्बन जाळला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. विहिरीपासून कारखान्यापर्यंत वाटेत गळणाऱ्या मिथेनचा तापमानवाढीतला वाटाही या हिशेबात धरायला हवा.

म्हणूनच माझी नजर पुन्हापुन्हा बायोगॅसकडे वळते. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेनं उष्ट्या-खरकट्यावर आणि पिठावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र घरोघर नेलं आणि २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. साखर कारखान्यांकडे प्रेसमड आहे, शहराकडे ओला कचरा. बायोगॅसमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. म्हणजे ड्राय रिफॉर्मिंगला, वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून केलेल्या रिफॉर्मिंगला, लागणारे दोन्ही वायू एकाच टाकीतून येतात, आणि त्यातला कार्बन मुळात हवेतूनच पिकांत आलेला असतो. अडचणी दोन. बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड निकेलला मारतो, तो आधी काढावाच लागतो. आणि ड्राय रिफॉर्मिंगमध्ये वाफेचं संरक्षण नसल्यानं कार्बन फार लवकर साचतो. जोडीदाराची खरी कसोटी इथे लागते. लोखंड, कोबाल्ट किंवा कथील यांच्या साथीनं छोट्या प्रमाणावर, वारंवार चालू-बंद होणाऱ्या संयंत्रात निकेल टिकला, तर थळच्या भट्ट्यांइतकं मोठं काही न उभारताही हायड्रोजन बनवता येईल.

हे पुस्तक बी.एस्सी. पर्यंत रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही वाचता यावं असं लिहिलं आहे. कारखान्यातल्या अभियंत्यांनी आणि महाविद्यालयातल्या शिक्षकांनी ते चाळावं असंही वाटतं. समीकरणं लागतील तिथेच आहेत. ज्यांना आकडेमोडीचा कंटाळा आहे त्यांनी समतोलाचं प्रकरण पहिल्या वाचनात सोडलं तरी पुढचं अडणार नाही. कार्बनतंतूंचं प्रकरण मात्र सोडू नये. बाकी सगळं त्यावर उभं आहे.

नव्या उत्प्रेरकाची बातमी आता दर आठवड्याला येते, आणि प्रत्येक बातमीत ९० टक्क्यांच्या वरचा एखादा आकडा असतो. वाचकानं त्या आकड्याला चार प्रश्न विचारावेत. तो कितव्या तासाचा आहे, पहिल्या की पाचशेव्या? तापमान कुठे मोजलं? कार्बनच्या प्रत्येक अणूमागे वाफ किंवा ऑक्सिजन किती दिला? आणि प्रयोग संपल्यावर कार्बनचं वजन किती भरलं, तो गेला कुठे? चारही उत्तरं देणारं काम छोट्या महाविद्यालयातलं असलं तरी जपून ठेवावं. एकच उत्तर देणारं काम कितीही नामवंत प्रयोगशाळेतून आलं तरी त्यावर पैसा किंवा धोरण ठरवू नये. निकेलला जोडीदार मिळवून देणं आता फारसं कठीण राहिलेलं नाही. संसार किती तास टिकला, ते मोजून सांगणारे हवे आहेत.